पाइपातला साबण

मी मूळचा निपाणीकडचा, म्हणजे तंबाखूच्या वासातच वाढलेला, पण तिकडची तंबाखू बिडीची आणि मी आता उत्तर इंग्लंडमधे पाइप-सिगारच्या दुकानात नोकरी करतो, इथला माल वेगळा नि गिऱ्हाईकही वेगळं. गेल्या हिवाळ्यातली ही केस मात्र सांगायलाच पाहिजे.

एक रिटायर्ड गृहस्थ आले आणि काउंटरवर पाइपच्या तंबाखूचे तीन डबे आपटले. एक व्हर्जिनिया फ्लेक (म्हणजे दाबून कापलेल्या पातळ चकत्या), एक लटाकियावालं मिक्स्चर, एक बर्ली. तक्रार काय, तर तिन्हींची चव सेम, साबणासारखी, वर जीभ भाजते, पैसे परत द्या. आता व्हर्जिनिया गरम हवेच्या बंद कोठीत वाळवतात, त्यानं पानातली साखर टिकते आणि धूर गोडसर येतो. बर्ली सावलीत नुसत्या हवेवर वाळते, तिच्यात साखर जवळपास उरतच नाही. आणि लटाकिया तर लाकडाच्या धुरात धुरावलेलं पान, डबा उघडला की सगळ्या दुकानाला कळतं. या तिघींची चव एक? शक्यच नाही.

म्हटलं, इथंच ओढून दाखवा. इंग्लंडमधे 2007 पासून बंद जागेत स्मोकिंग बंद आहे, पण अशा खास दुकानांना सिगार आणि पाइप तंबाखूचं सॅम्पल ओढू द्यायची सूट आहे. त्यांनी डब्यातली ओलसर तंबाखू तशीच पाइपात कोंबली आणि सिगारेटसारखे भराभर झुरके सुरू केले. जीभ का भाजते ते तिथंच कळलं, ओली तंबाखू जोरात जळली की धुराबरोबर वाफ येते आणि ती वाफच पोळते. पण साबण?

पाइप गार झाल्यावर मी त्याच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरतात त्या खोलगट भागात, नाक घातलं आणि गुलाब! पाइप सेकंडहँड, जुन्या बाजारातून घेतलेला. केंडलकडे, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टच्या भागात, फुलांच्या अत्तराची तंबाखू करायची जुनी पद्धत आहे, आधीचा मालक तीच ओढत असणार. तो वास लाकडात आणि आतल्या कार्बनच्या थरात मुरलेला. लोणच्याच्या बरणीत बासुंदी ओतल्यावर दुसरं काय होणार!

मग दुकानातला कोरा मक्याच्या कणसाचा पाइप काढला, हा स्वस्त असतो आणि स्वतःची चव फारशी लादत नाही. फ्लेक तळहातावर मळली (हे काम मला शिकवायला लागत नाही, फक्त चुना नाही) आणि कागदावर पसरून ठेवली, तोवर चहा झाला. चिमटीत दाबून सोडली की गोळा न होता मोकळी झाली पाहिजे, तेवढीच सुकवायची, कुरकुरीत केली की चव गेली. खाली सैल, वर जरा घट्ट भरली. पहिल्या काडीनं नुसता वरचा थर जाळला, तो फुगून वर आला तो हलक्या हातानं दाबला, मग दुसरी काडी. आणि त्यांना एकच सांगितलं, वाटी हातात धरवत नसेल तर तुम्ही घाई करताय. विझला तर विझू दे, परत पेटवा. धूर छातीत घ्यायचाच नाही, तोंडात घोळवून थोडासा नाकातून सोडायचा, खरी चव नाकालाच कळते. (अपाय काही टळत नाही बरं का, ते मी गिऱ्हाइकालाही सांगतो.)

बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, वाळलं गवत... आणि ताजा पाव. व्हर्जिनियाची चव हीच. पैसे परत मागायचं राहूनच गेलं.

तो जुना पाइप मी ठेवून घेतला, वाटीत मीठ भरून वर स्पिरिट सोडलं आणि रात्रभर ठेवला. सकाळी मीठ चहाच्या रंगाचं झालं होतं, वास अर्धा गेला, अर्धा काही हलेना. त्यांना म्हटलं, याच्याशी भांडू नका, हा पाइप गुलाबवाल्या तंबाखूलाच ठेवा. तर ते त्या तंबाखूचाही एक डबा घेऊन गेले.