२४ डिसेंबरचं भरीत

थंडी पडली, अमळनेरच्या बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग लागले, की मला मंडळाची अभ्यासिका आठवते.

शाळा पाचला सुटायची. कापूस वेचायला गेलेल्या आया दिवेलागणीला परतायच्या. मधल्या वेळात आम्ही पोरं गल्लीभर उंडारायचो. म्हणून मंडळातल्या मोठ्या पोरांनी मारुतीच्या पारामागची खोली उघडली. एक सतरंजी, एक फळा, मूठभर फुटाणे. शिकवणी नव्हती ती. गृहपाठ झाला की गोष्टी, मग कॅरम. किती मार्क पडले हे मंडळवाले विचारायचे. आयांना मात्र अंधार पडताना पोरगं कुठं आहे एवढं ठाऊक असलं तरी पुरे होतं.

साने गुरुजींच्या जयंतीला, २४ डिसेंबरला मेळावा. गुरुजी १९२४ ते १९३० इथल्याच प्रताप हायस्कूलात शिकवायचे, वसतिगृह सांभाळायचे, मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. आम्हीही भिंतीवर हस्तलिखित लावायचो. वर्षातून एकदाच, तेही आदल्या रात्री जागून! गुरुजींना रोज कसं जमायचं कोण जाणे.

भाषणं व्हायची, पण आठवतं ते भरीत. वर्गणी कुणी रोख देत नसे. कुणाकडून घमेलंभर वांगी, कुणाकडून तेल, कुणी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. कपाशीच्या काड्यांच्या जाळात वांगी काळी पडेस्तोवर भाजायची, बोटं पोळत सालं काढायची, मग लाकडी बडगीत लसूण-मिरचीसकट ठेचायची. एका वर्षी मिरच्या दोघांनी दोनदा टाकल्या. पाहुणे डोळे पुसत जेवले. आम्ही ते भाषणाच्या खाती जमा केलं.

त्याच वर्षी आई शेतातून थेट आली, केसांत कापसाचे तंतू तसेच. भिंतीवरच्या माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हाई तू लिखं का रे?" तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या ताईनं वाचून दाखवलं: अभ्यासिका नव्हती तेव्हा मी उंबऱ्यावर बसून आईची वाट बघायचो, आणि रस्त्यावरची प्रत्येक बाई मला लांबून तीच वाटायची.

आई काही बोलली नाही. भाकरी थापायला बसली.

पुढच्या शनिवारपासून ती पदरात शेंगा बांधून खोलीवर यायची. मंडळातले दादा नको म्हणायचे. ती फुटाण्यांच्या डब्यात ओतून निघून जायची.