हांबुर्ग: व्यापाऱ्यांनी उभं केलेलं शहर

हांबुर्गची गोदामनगरी, श्पायखरश्टाट, पाहायची ती पुलावर उभं राहून. लाल विटांची उंच गोदामं दोन्ही बाजूंनी थेट पाण्यातून वर आलेली. प्रत्येकाचं एक दार रस्त्यावर, दुसरं कालव्यावर. समुद्र शंभराहून जास्त किलोमीटर लांब, पण एल्बे नदीतून भरती इथवर चढते. तिच्यासोबत मालाचे पडाव आत यायचे आणि कॉफी, कोको, मसाल्यांची पोती कप्प्यांनी वर ओढली जायची. मला तर ही गोदामं तिथल्या चर्चपेक्षाही देखणी वाटली. २०१५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत.

१८८८ मध्ये हांबुर्ग जर्मनीच्या जकात क्षेत्रात सामील झालं, तेव्हा बंदराचा हा भाग जकातमुक्त ठेवला गेला. बंदराच्या काही भागात ती सवलत थेट २०१२ च्या अखेरीपर्यंत टिकली. पण गोदामांसाठी दोन वस्त्या पाडल्या आणि सुमारे २०,००० माणसं हलवली, हे कळल्यावर तेच कालवे वेगळे दिसायला लागतात.

जकातमाफीची ओढ इथे फार जुनी. सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाने ७ मे ११८९ रोजी ती दिली असं सांगणारी सनद आहे. इतिहासकारांच्या मते उपलब्ध कागद तेराव्या शतकात बनवलेला. तरीही बंदराचा वाढदिवस ७ मेच्या आसपासच साजरा होतो.

व्यापाऱ्यांनी संस्था मात्र खऱ्याखुऱ्या आणि भक्कम उभ्या केल्या. १५५८ मध्ये बोर्स, म्हणजे सौदे करायचा बाजार. १६६५ मध्ये व्यापाऱ्यांचं प्रतिनिधी मंडळ, आजच्या चेंबर ऑफ कॉमर्सचं मूळ. १७३५ मध्ये त्या मंडळाने स्वतःचं ग्रंथालय काढलं, आणि ते अजून चालू आहे! नफ्या-तोट्याच्या धांदलीत पुस्तकांसाठी पैसा काढणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मे १८४२ च्या आगीत जुन्या शहराचा मोठा भाग जळाला. आग अडवायला नगरगृह सुरुंगाने उडवलं गेलं. नवं कोरं बोर्स मात्र वाचलं. नवं नगरगृह १८९७ मध्ये पुरं झालं, तेही बोर्सला पाठ लावून. दोन्ही इमारतींच्या मधल्या चौकात कारंजं आहे. त्यावर आरोग्यदेवता हायजिया उभी आहे. १८९२ च्या कॉलऱ्याची ही आठवण.

त्या साथीत ८,००० हून अधिक माणसं गेली. शहर एल्बेचं पाणी न गाळताच नळांना सोडत होतं. लागून असलेल्या आल्टोना गावात तेच पाणी वाळूतून गाळलं जायचं, तिथे साथ फारशी पसरली नाही. बंदर बंद पडेल या धास्तीने साथ जाहीर करायलाही उशीर झाला. गोदामनगरीला पैसा होता, गाळणीचं काम मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं, याचा मला तिथे उभं असताना राग आला. काल्टेहोफे बेटावरचं गाळणी केंद्र सुरू झालं १८९३ मध्ये, साथीनंतरच्या वर्षी. आता तिथे संग्रहालय आहे. हांबुर्गला जाणाऱ्यांनी गोदामांइतकाच वेळ त्यालाही द्यावा.