बिल नंबर काय?

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या चार्ल्सटनमध्ये मी काही वर्षं होते, सरकारी खात्यांसाठी ऑनलाइन पेमेंटचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. फीचं टेबल माझ्याकडे असायचं.

डिसेंबरात स्टेट ऑडिटरच्या ट्रान्झॅक्शन फीच्या नियमाची पीडीएफ आली. जुना मजकूर खोडलेला, नव्याखाली रेघ, लोकांच्या हरकतींची मुदत संपलेली, वर 'एजन्सी अप्रूव्ह्ड'. मला वाटलं झालं फायनल. आपल्याकडे नियम राजपत्रात छापून आला की बहुतेक वेळा लागूच होतो, सभागृहापुढे नंतर ठेवतात, बाबा मंत्रालयात होते त्यामुळे हेच डोक्यात पक्कं बसलेलं. नवे दर टाकले, टेस्ट केले आणि सोमवारी लाइव्ह जातील असं लावून ठेवलं.

शुक्रवारी दुपारी कायद्याचं बघणाऱ्या आमच्या सिनियर बाई रिलीजची यादी घेऊन थेट डेस्कवर आल्या आणि विचारलं, "बिल नंबर काय?"

मला प्रश्नच कळला नाही. फीच्या नियमाला कसलं बिल?

मग त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, इथे ऑडिटर लोकांनी निवडून दिलेला असतो, राज्याच्या तिजोरीतून पैसे त्याच्याच सहीने निघतात, पण फीचा असा नियम तो एकट्याने लागू करू शकत नाही. खात्याने मंजूर केलेला नियम आधी विधिमंडळाच्या रूलमेकिंग कमिटीकडे जातो, मग त्याचं बिल येतं, आणि ते दोन्ही सभागृहांत पास व्हावं लागतं. पूर्वी नियम अडवायचा अधिकार नुसत्या समितीला होता, 1981 मध्ये राज्याच्याच सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, सत्ताविभाजनात बसत नाही म्हणून, तेव्हापासून हा रस्ता. आणि अधिवेशन 60 दिवसांचं, ते अजून सुरूही झालेलं नव्हतं. म्हणजे मी सोमवारपासून लोकांकडून जे पैसे कापणार होते त्याला कायद्याचा काडीचाही आधार नव्हता. रक्कम किती का असेना, लायसन भरायला आलेल्या माणसाला ते कापायचा हक्क आम्हाला नव्हता. हात गार पडले.

मग त्यांनी राज्याच्या कायद्यांच्या संहितेचं, म्हणजे कोडचं, चौसष्टावं प्रकरण उघडून दाखवलं. मी अख्खा कायदा असेल म्हणून बघतेय तर एकेका नियमाला जेमतेम एक परिच्छेद, की अमुक तारखेला स्टेट रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, दाखल केलेला, अमुक कलमाखालचा, अमुक विषयावरचा नियम अधिकृत करण्यात येत आहे. आजूबाजूला शेती खात्याचे, कुठल्या कुठल्या बोर्डांचे नियम, सगळे ओळीने. पीडीएफची सगळी पानं त्या एका वाक्यावर टांगलेली. मला ते फार आवडलं, खरंच, कारण पैसे घ्यायचे तर निवडून आलेल्यांनी उघडपणे हो म्हणायला हवं आणि ते कुठे म्हटलं ते बोट ठेवून दाखवता यायला हवं.

रिलीज मागे घेतलं. रात्री नऊपर्यंत बसून जुने दर परत लावले, एकेक ओळ दोघींनी मिळून तपासली.

पुढे बिल पास झालं तरी त्या दिवशी आम्ही फी चालू केली नाही, कारण त्यानंतर अंतिम नियम राज्याच्या अधिकृत नोंदी ठेवणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दाखल व्हावा लागतो. तोपर्यंत मी टेबलात एक नवा कॉलम टाकला होता, बिल नंबर, आणि तो रिकामा असेल तर सिस्टिम दर सेव्हच करत नाही.