वांग्याचा हिरवा

रविवार, रात्री उशिरा

भरीत पार्टीचे फोटो लॅपटॉपवर उतरवले. संध्याकाळी मामांच्या मळ्यात कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी टाकली, आणि धग सोसेल तितकी जवळ जाऊन मी फोटो काढत राहिले. एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला खोलीवरचा पांढरा एलईडी दिवा. जाळाचा प्रकाश साधारण २००० केल्व्हिनचा, दिव्याचा ६५०० च्या आसपास. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तितका उजेड तांबूस, मोठा तितका निळसर. आपले डोळे दोन्ही सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र पूर्ण फोटोसाठी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं असा रंगांचा तोल, ठरवावा लागतो. तो जाळाला धरून ठरवला तर दिव्याखाली भाकरी थापणारी मामी निळी पडते, दिव्याला धरून ठरवला तर जाळाजवळची वांगी पिवळी.

तिथेच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मामीनं एक फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे वांगं तं जून दिसतं. कोनी आनलं?"

तिचं बोलणं घरी येईपर्यंत डोक्यात होतं. भरताचं आपल्याकडचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेषांचं, हातभर मोठं. जून झालं की पिवळट पडतं, बिया कडक होतात, भरीत कडू लागतं. मामीनं एकेक वांगं हातात घेऊन, अंगठ्यानं दाबून निवडलं होतं. म्हणजे माझ्या फोटोतला रंग तिच्या निवडीबद्दल खोटं सांगत होता. शहरातल्या माणसाला तो फोटो 'किती छान, उबदार' वाटला असता. इथल्या माणसाला त्यात जून वांगं दिसतं.

रॉ फाइलचा उपयोग अशा वेळी कळतो. रॉमध्ये सेन्सरवर पडलेला प्रकाश जसाच्या तसा नोंदलेला असतो. व्हाइट बॅलन्स नंतर लावायचा असतो, त्यामुळे तो कितीही वेळा बदलला तरी काही बिघडत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातला हात उजळायचा असो की पिवळ्यातून हिरवा शोधायचा असो, या मधल्या पायऱ्याच कामाला येतात.

डार्कटेबलमध्ये मास्क, म्हणजे फोटोचा एखादाच भाग निवडून तेवढाच बदलणं, शिकते आहे. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर सावकाश का होईना, चालतं. मामीवर एक मास्क काढला आणि तिच्यापुरता रंग दिव्याप्रमाणे बसवला. वांग्यांवर दुसरा. मग अडले. वांगी हिरवी करायची खरी, पण किती? त्या वेळी जाळाच्या उजेडात ती थोडी तांबूस दिसतच होती, तेही खरंच आहे. दिवसाच्या उन्हातला हिरवा तिथे चिकटवला तर वांगी जाळाजवळ नाहीत, वरून कापून ठेवली आहेत असं वाटतं. उरलेली दोन वांगी मामीनं पिशवीत घालून दिली आहेत. सकाळी खिडकीत ठेवून पाहीन आणि मग ठरवीन.

सोमवार, शाळेतून आल्यावर

जमलं. वांगी अर्ध्यापर्यंतच हिरव्याकडे आणली, तीही जाळाच्या विरुद्ध बाजूला जास्त. जाळासमोरची कड तांबूस राहू दिली. पांढऱ्या रेषा दिसू लागल्या, आणि रेषा दिसल्या की वांगं कोवळं आहे हे कळतंच. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, वांगी ठेचतानाच्या फोटोला हात लावला नाही, तो होता तसाच बरोबर आहे.

मंगळवार

आज फक्त ज्वाळांवर बसले. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलांचा बनतो. जाळाच्या फोटोत लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो. हिरवा आणि निळा अजून निम्म्यावर असतात, तेव्हाच लाल शेवटच्या पायरीला टेकलेला असतो. त्यापुढे प्रकाश वाढला तरी लालाला वाढायला जागा नसते, हिरवा वाढत राहतो, म्हणून ज्वाळा आधी पिवळी आणि मग कोरी पांढरी दिसते. एकदा पांढरी झाली की कोणताही स्लायडर तिच्यात काही परत आणू शकत नाही. हिस्टोग्राम मी दहावीच्या मुलांना शिकवतेच. इथे तो तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहायचा, एवढाच फरक.

काम आवरताना ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल आठवला. त्याची कबर आमच्या भुसावळात आहे. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला तो आला. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या त्याच्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. आगीच्या आधीच त्यानं कॅमेराही हाती घेतला होता. ते फोटो आहेत, पण त्यांत रंग नाही. ज्या रंगांसाठी त्याचं आयुष्य गेलं ते जळून गेले आणि करडं तेवढं राहिलं. मला याचं फार वाईट वाटतं, दर वेळी वाटतं.

गुरुवार

पहाटे माहेरी, फैजपूरजवळच्या केळीच्या बागेत. दादा पाणी पाहत होता, मी त्याच्या मागे मागे. ऊन वर आलं की केळीच्या बागेत एक वेगळाच उजेड होतो. ऊन पानांतून गाळून येतं, त्यामुळे माणसांचे चेहरे, पांढरा सदरा, जमीनसुद्धा हिरवी होते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे असतात, उरलेल्या निम्म्यात लाल आणि निळा. पण दोष सेन्सरचा नाही. तिथला उजेडच हिरवा आहे, आणि कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला तो उजेड ओळखता येत नाही. दादाचा सदरा पांढरा धरून टिंट, म्हणजे हिरवा-मॅजेंटा तोलाचा स्लायडर, किंचित मॅजेंटाकडे (हिरव्याच्या उलट जांभळट गुलाबीकडे) सरकवली, तेव्हा त्याचा चेहरा माणसासारखा झाला. पूर्ण पांढरा मात्र केला नाही. बागेत उभं असल्याची खूण त्या थोड्या हिरव्यातच आहे.

मोबाइलवर मिळणारे प्रीसेट, म्हणजे एका टिचकीत रंग बदलणाऱ्या तयार जुळण्या, पाहिले. जवळजवळ सगळे हिरव्यावर एकच उपाय करतात: गडद करा, एकसारखा करा. बागेचा फोटो त्यात टाकला की एकूण एक पान सारखं होतं. दादा बागेत शिरला की नेमकं उलटं पाहतो. खालच्या पानांवर फिकट पिवळ्या बारीक रेघा आहेत का, हे तो शोधतो. थंडीत रात्री गारवा आणि सकाळी दव, म्हणजे केळीवरच्या करपा रोगाचे दिवस. आधी रेघ, मग तपकिरी ठिपका, मग पान वाळतं, आणि पानं गेली की घड भरत नाही. प्रीसेट आधी ही रेघच पुसतो. मला असा फोटो नको आहे. माझ्या फोटोत दादाला करपा दिसला पाहिजे, मामीला वांगं कोवळं आहे हे कळलं पाहिजे. त्यापुढचं सौंदर्य मी शिकेन, पण या दोघांना बाजूला ठेवून नाही.

तेव्हापासून वहीत उजेड लिहून ठेवते. "सकाळ, पानांतून, सदरा हिरवट, सावली निळी." घरी येईपर्यंत आठवण स्क्रीनच्या मागे जाते आणि पडद्यावर दिसतो तोच रंग खरा वाटू लागतो. वहीतल्या एका ओळीनं ते टळतं.

रविवार

चाळीसगावला जाऊन आले. स्टेशनाजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पुन्हा पाहायचं होतं, या वेळी शिकणाऱ्याच्या नजरेनं. हा माणूस (१९१२–१९८९) कित्येक दशकं जवळजवळ घराबाहेर पडला नाही, आणि टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून त्यानं अख्खी दृश्यं उभी केली. त्यांत सगळं रचलेलंच आहे. तरी त्याला खोटं म्हणावंसं वाटत नाही, कारण तो रचतो आहे हे त्याला ठाऊक आहे आणि प्रकाशाशी तो कुठेच लबाडी करत नाही: सावली ज्या बाजूला पडायला हवी त्याच बाजूला पडते. माझ्या मास्कांनाही मी हाच निकष लावते. वांग्यावरचा हिरवा जाळाच्या बाजूनं विटला पाहिजे.

कृष्णधवलाचं वेड तिथूनच घेऊन आले. रात्री बागेचा एक फोटो उघडला, रंग काढले आणि चॅनेल मिक्सरमध्ये फक्त लाल चॅनेल ठेवला. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, म्हणून ते काळपट झालं. रेघेत हरितद्रव्य कमी, तिथून लाल परत येतो, म्हणून रेघा उजळल्या. रंगीत फोटोत मला ज्या दिसल्या नव्हत्या त्या एका पानावर खडूनं ओढल्यासारख्या उभ्या राहिल्या.

दादाला पाठवला. त्यानं कौतुक वगैरे काही केलं नाही, लगेच विचारलं, "कोणत्या ओळीचं?" फाइलची वेळ पाहून सांगितलं, विहिरीकडून तिसरी. तो म्हणाला, खालची पानं उद्या सकाळीच कापतो, बाकीच्या ओळींचेही फोटो असेच करून पाठव.

एकेक करून उघडते आहे. चौथी ओळ स्वच्छ आहे.