पाच मायक्रोग्रॅमचे पाच मिलीग्रॅम

संसर्गजन्य रोग आणि प्रतिकारशक्ती या विषयावरच्या विद्यापीठाच्या सिम्पोझियममध्ये पोस्टर लावून परवाच मोकळी झाले. पोस्टर बरं झालं, लोक थांबले, प्रश्नही विचारले. पण मी लिहायला बसलेय ती अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या, म्हणजे संशोधनाच्या सारांशाच्या, ऑनलाइन फॉर्मबद्दल. अजून डोकं शांत झालेलं नाही.

माझं काम क्षयरोगावर. रक्तातल्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, क्षयजंतूच्या ईसॅट-6 आणि सीएफपी-10 या प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, दाखवायचे आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन किती सोडतात ते मोजायचं. त्यामुळे अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये गॅमा सहा वेळा, टीएनएफ-अल्फा हे तसंच दुसरं प्रथिन तीन वेळा आणि पेप्टाइडचं प्रमाण एका मिलिलिटरला 5 मायक्रोग्रॅम. गॅमा, अल्फा आणि मायक्रोचं चिन्ह ‘म्यू’, ही ग्रीक अक्षरंच नडली.

रात्री दहाला सबमिट केलं, पोचपावतीची पीडीएफ न उघडताच मॅडमना पाठवली आणि झोपले. सकाळी त्यांचा फोन. ‘‘अगं, पाच मिलीग्रॅम? पेशी बुडवून मारल्यास का?’’

पीडीएफ उघडली. गॅमाच्या जागी रिकामे चौकोन, अल्फाच्या जागीही चौकोन, आणि मायक्रोचं चिन्ह जाऊन तिथे साधा इंग्रजी ‘एम’. म्हणजे प्रमाण थेट हजारपट! चौकोन निदान दिसतो तरी. हा ‘एम’ कुणाच्या लक्षातही आला नसता.

कारण नंतर कळलं. मजकूर मी लॅबच्या जुन्या फाइलमधून उचलला होता. त्यात कुणीतरी ‘एम’ टाइप करून त्याला सिम्बॉल फॉन्ट लावला होता. त्या फॉन्टमध्ये ‘एम’ म्यूसारखा दिसतो, पण आत तो ‘एम’च असतो. फॉर्मने फॉन्ट काढून टाकला आणि सोंग उतरलं. चौकोन झालेली अक्षरं त्याच फॉन्टच्या चिन्हांच्या तक्त्यातून आली होती, त्यांची तर ओळखच पटली नाही. तेव्हा चिन्ह घालायचं तर युनिकोडमधलं खरं ग्रीक अक्षर घाला, नाहीतर सरळ शब्द लिहा.

मी शब्द लिहायचं ठरवलं. पण मर्यादा 2000 अक्षरांची, स्पेस धरून, आणि माझी आधीच 1987 झालेली. इंग्रजीत गॅमा म्हणजे पाच अक्षरं. सगळं लिहून काढल्यावर 2030. ‘महत्त्वाची भूमिका बजावतात’ छापाचा एक तुकडा उडवला, तीस अक्षरं सुटली. तो तसाही फुकटच बसला होता.

आता दुरुस्त मजकूर भरायचा कुठे? एकदा सबमिट केलं की फॉर्म बंद. आयोजन कार्यालयाला मेल केला. उत्तर आलं, ‘आपला अ‍ॅबस्ट्रॅक्ट प्राप्त झाला आहे.’ पुन्हा मेल केला, अक्षरशः तेच उत्तर. फोन केला तर म्हणाले, मागे घ्या आणि नव्याने भरा. मागे घेतला. नव्याने भरायला गेले तर लाल अक्षरांत, ‘या ईमेलवरून अ‍ॅबस्ट्रॅक्ट आधीच नोंदवलेला आहे.’ म्हणजे यादीत नाही, आणि नव्याने येण्याचीही सोय नाही. मुदतीला दीड दिवस उरलेला.

दुसऱ्या ईमेलवरून भरू का, असं विचारलं तर नियमात बसत नाही म्हणे. मग पीडीएफचा स्क्रीनशॉट काढला, त्या ‘एम’भोवती लाल गोल केला आणि लिहिलं, ‘हा डोस हजारपट चुकीचा छापला जाईल.’ वीस मिनिटांत फोन आला आणि माझ्यासाठी फॉर्म पंधरा मिनिटं उघडला गेला. आधीच्या दोन मेलमध्ये मी ‘फॉन्टची अडचण’ असं सौम्य लिहीत बसले होते, तेच चुकलं.

निवड, नोंदणी, छपाई सुरळीत. हो, पोस्टर उभं लावायचं की आडवं ते आधीच विचारून घ्या. माझ्या शेजारचं ए-झीरो आकाराचं पोस्टर आडवं छापून आलं होतं आणि फळा उभा. त्याची कड दिवसभर माझ्या आलेखावर.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: क्षयरोगाची बीसीजी लस घेतलेल्या माणसात हा प्रतिसाद फसवा नाही का येणार? नाही. ही दोन प्रथिनं बनवणारे जीन आरडी-1 या भागात असतात आणि बीसीजीच्या जंतूत तो भागच नाही. दुसरा प्रश्न, म्हणजे प्रतिसाद आला तर क्षयरोग आहे असं समजायचं? तेही नाही. सुप्त संसर्ग आणि प्रत्यक्ष आजार यांतला फरक या चाचणीला सांगता येत नाही. ही दोन उत्तरं दुपारपर्यंत इतकी तोंडपाठ झाली की माझ्या मागे उभा असलेला ज्युनिअरही द्यायला लागला.

जेवणाच्या सुट्टीत अ‍ॅबस्ट्रॅक्टची पुस्तिका चाळली. माझं पान बरोबर होतं. मग मुद्दाम पुढची पानं बघत गेले. सात जणांच्या इंटरफेरॉनपुढे गॅमाऐवजी ‘जी’ छापलेला, आणि एकाने पेशींना मिलिलिटरला दहा मिलीग्रॅम पेप्टाइड दिलेलं.