अर्लिंग्टनच्या फाटकाबाहेर गेलेले दोन तास

अमेरिकेतल्या अर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीतल्या स्मारक अँफिथिएटरमध्ये (उघड्या प्रेक्षागृहात) मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे कामी आलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, मेमोरियल डेला, होणारा समारंभ पाहायचा, हे व्हर्जिनियाला मुलाकडे जाण्यापूर्वीच मी ठरवले होते. चोवीस वर्षे फौजेत काढलेल्या बापाची इच्छा म्हणून मुलाने एका सहल कंपनीकडे दोघांचे पैसेही भरले. मेट्रोच्या ब्लू लाइनने आम्ही आठच्या आधीच पोहोचलो.

पुढचे दोन तास त्या कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यात गेले. बसण्याची कूपने त्याच्याकडेच आहेत, तेव्हा त्याच्याशिवाय आत जाऊ नका, असे मुलाला फोनवर तीनदा बजावण्यात आले. डोळ्यांदेखत शेकडो माणसे आत चालली होती आणि त्यांपैकी एकाच्याही हातात कूपन दिसत नव्हते. मी तसे म्हणालो, तर मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे भरलेत आपण, थांबा जरा." अखेर दहा वाजता मीच रांगेतल्या एका वृद्ध बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, तेव्हा समजले की समारंभ सर्वांना खुला आणि विनामूल्य असतो, आणि जो आधी येईल त्याला जागा मिळते. मग आमचे पैसे कशाचे होते?

तपासणी उरकून (छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे, मी पासपोर्ट घरीच विसरणार होतो) चढ चढून वर येतो, तोच पूर्वेकडच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीजवळून बिगुलावर टॅप्सचे, म्हणजे अमेरिकी फौजेतल्या मानवंदनेच्या धूनचे, सूर आले. आपल्या फौजेत शहिदांसाठी वाजणाऱ्या लास्ट पोस्टहून ते पुष्कळ लहान, अवघ्या २४ स्वरांचे. मी जागच्या जागी सावधान उभा राहिलो. आत सुमारे पाच हजारांची आसनव्यवस्था भरून गेली होती, त्यामुळे सारी भाषणे मी एका खांबाआडून ऐकली. खांब देखणा होता, एवढे मान्य करतो.

बुधवारी कंपनीविना पुन्हा गेलो. टॉमस हेस्टिंग्ज यांनी आखलेली, १९१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी कोनशिला बसवलेली आणि १९२० मध्ये लोकार्पण झालेली ती व्हरमाँटच्या पांढऱ्या संगमरवराची वास्तू जवळजवळ रिकामी होती. बाकेही संगमरवरीच असल्यामुळे अंथरायला काहीतरी न्यावे. खांबांच्या वरच्या पट्टीवर कोरलेली ४४ लढायांची नावे बसून सावकाश वाचली. समाधीवरचा पहारा उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाने बदलतो. तो दोनदा पाहिला.

पैसे अजून परत आलेले नाहीत.