मर्यादवेलीच्या अलीकडे

तुळशीचं लग्न आटोपल्यावर दोन-तीन दिवसांनी गुहागरला काकूकडे गेलो होतो. सकाळचा चहा झाला आणि मागल्या दारानं, आगरातून, पुळणीवर उतरलो. ओहोटी इतकी लांब गेली होती की भेटायला यावं आणि यजमानच घरी नसावा, तसं वाटलं. चप्पल काढून कोरड्या वाळूत ठेवली. कोरडी म्हणजे मला कोरडी वाटली ती.

ओल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांचा सडा पडला होता. दर दोन-चार हातांवर एक बारीक भोक आणि भोवती किरणांसारख्या फुटलेल्या गोळ्यांच्या रांगा. उकिडवा बसलो. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग एका भोकातून नखाएवढा खेकडा वर आला, अगदी वाळूच्याच रंगाचा. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडात, वाळू उचलून तोंडात, असा त्याचा सपाटा सुरू झाला. वाळूच्या कणांना चिकटलेलं शेवाळ आणि कुजकं-मुजकं तेवढं तो आत ठेवतो. चोखून झालेली वाळू तोंडाशीच फुगत जाते, तिची गोळी झाली की नांगीनं तोडून पायांखालून मागे ढकलायची आणि पुढे सरकायचं. भोकापासून सरळ रेषेत जायचं, परत यायचं, शेजारची रेघ धरायची. सगळीकडे गोळ्या पडतात, पण भोकाकडे पळायची वाट मात्र मोकळी. मी मान वळवली, सावली हलली, आणि सगळी पंगत एका क्षणात गडप.

लोक या गोळ्यांना रांगोळी म्हणतात, फोटो काढतात. माझ्या मते ती उठलेल्या पंगतीची खरकटी आहेत. भरती येऊन पानं उचलते, सहा तासांनी नवी पंगत. तोवर खेकडे भोकात, वर वाळूचं झाकण, आत कोंडलेली हवा.

तासभर, दीड तास, किती बसलो कोण जाणे. पाणी घोट्याला लागलं तेव्हा उठलो. चप्पल नव्हती.

‘‘आज तृतीया ना रे?’’ अनवाणी परतलेल्या मला बघून काकू म्हणाली. ‘‘तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनला भरती. त्यात पौर्णिमेचं उधाण अजून उतरलेलं नाही. आणि चप्पल मर्यादवेलीच्या अलीकडे काढायची, हे तुला चड्डीत होतास तेव्हापासून सांगितलंय.’’

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण या किनाऱ्यावर तेवढ्यानं भागतं. भरती रोज पाऊण तासावर मागे पडते ते चंद्रामुळे, आणि आपली तिथीही चंद्राचीच, म्हणून हिशेब जमतो. माझ्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं ॲप आहे. ते उघडायचं असतं, हे लक्षात राहत नाही. काकूला तिथी उघडावी लागत नाही.

दुपारी मुद्दाम ती वेल बघायला गेलो. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, गणेशवेलीच्या कुळातलं जांभळं फूल, सकाळी उमललेलं आणि दुपारी मान टाकलेलं. वेल वाळूवरून लांबच लांब सरपटते, पेरापेराला मुळं सोडते आणि उडती वाळू धरून ठेवते. बी समुद्रात पडलं तर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागून तिथे रुजतं. रोजच्या भरतीला ती हातभर जागा सोडून असते. तिला मर्यादवेल म्हणणाऱ्या माणसाला मी भारतरत्न दिलं असतं.

ही रेघ मादी कासवांनाही कळते. थंडीत रात्री ऑलिव्ह रिडले वर येतात आणि भरतीची खूण ओलांडून खड्डा करतात, कारण अंड्यांना कवचातून हवा लागते, पाण्यात बुडली की ती गेली. शंभराच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवस वाळूची ऊब. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. आता कासवमित्र ती अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरतात. ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत याच गुहागरला अंडी घालताना सापडली. तिला पंचांग कोणी शिकवलं?

रेघ एका जागी नसते, हेही खरं. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून आत नेतात, पुळण पार खंगते. मग शांत लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात आणि दिवाळीपर्यंत पुळण भरत येते. काकू म्हणते, ‘‘समुद्र उसनं नेतो, बुडवत नाही.’’ पलीकडच्या एका गावात मात्र दर पावसात जाणारी वाळू बघून लोक घाबरले आणि दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला. लाट दगडावर आपटते आणि परतताना पायाची वाळू घेऊन जाते. आता बंधारा आहे, पुळण नाही. गोळ्यांचे खेकडे नाहीत आणि वेलही नाही. लोक बंधाऱ्यावर बसून सूर्यास्त बघतात, ते ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी भरतीनं टाकलेल्या कचऱ्याच्या रेघेनं चालत गेलो. सुरूची बोंडं, जाळ्याचे निळे तुकडे, माकुलाच्या पाठीतलं समुद्रफेन, थर्माकोल, औषधाची बाटली. माझ्यापुढे चिखल्या पक्ष्यांचं टोळकं लाटेबरोबर खाली-वर पळत होतं. आणि बरंच लांब, गावातल्या वरचा पाट वाडीच्या बाजूला, माझी चप्पल. डाव्या पायाची. तिच्या टाचेखालून एका काडीडोळ्या पांढुरक्या खेकड्यानं बीळ काढलं होतं. चप्पल उचलली तसा तो तिरका धावत सुटला.

उजवी मिळाली नाही. डावी काकूनं धुऊन घेतली आणि फणसाला टांगली. यंदा भरपूर धरलाय म्हणे, दृष्ट लागायला नको.